घरातील नभोवाणी : लहरींची वाट आणि तारांची वाट

नभोवाणीचे एकच केंद्र आज घरात दोन वाटांनी ऐकता येते. पहिली वाट जुनी आहे. केंद्राच्या मनोऱ्यावरून निघालेल्या रेडिओलहरी घरातील संचाच्या एरियलवर येऊन आदळतात, संचातील ट्यूनर त्यांतून हवे ते केंद्र निवडतो आणि ध्वनी ऐकू येतो. दुसरी वाट नवी आहे. केंद्रातील ध्वनीचे आकड्यांत रूपांतर होते, ते आकडे इंटरनेटच्या जाळ्यातून प्रवास करीत मोबाईल फोनपर्यंत अथवा संगणकापर्यंत पोहोचतात आणि तेथे त्यांचा पुन्हा ध्वनी होतो. या दुसऱ्या पद्धतीस ‘स्ट्रीमिंग’ म्हणतात; कारण आकड्यांचा तो ओघ ओढ्याच्या पाण्याप्रमाणे सतत वाहत राहतो.

ऐकणाऱ्यास प्रथमदर्शनी या दोहोंत विशेष भेद जाणवत नाही. परंतु ट्रान्झिस्टर संच आणि मोबाईल फोन शेजारी शेजारी ठेवून दोहोंवर एकच केंद्र लावले, तर एक चमत्कारिक गोष्ट तत्काळ ध्यानात येते. संचातून ऐकू आलेले वाक्य फोनमधून काही सेकंदांनी पुन्हा ऐकू येते. क्रिकेटचे समालोचन चालू असेल, तर संचापाशी बसलेल्यांच्या टाळ्या वाजवून होतात, तरी फोनपाशी बसलेल्यांच्या लेखी गोलंदाजाने अद्याप चेंडूच टाकलेला नसतो.

हा उशीर यंत्रातील बिघाड नव्हे. दोन वाटांच्या रचनेत जो मूलभूत भेद आहे, त्याचे ते एक सहज दिसणारे लक्षण होय. तो भेद समजला, म्हणजे दूरचे केंद्र ऐकण्यास कोणती वाट सोयीची, खर्चाचा भार कोणावर पडतो आणि वादळात वीज व तारा तुटल्या असता कोणती वाट उघडी राहते, या प्रश्नांची उत्तरेही त्यातूनच मिळतात.

लहरींवर शब्द कसे चढतात

प्रकाश ही विद्युच्चुंबकीय लहर आहे, असे प्रतिपादन जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात केले. डोळ्यांना न दिसणाऱ्या अशाच लहरी विजेच्या ठिणगीने निर्माण करता येतात, हे हाइनरिख हर्ट्झ याने १८८७–८८ च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८९५ साली, जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यातील जाहीर प्रयोगात अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली. भिंत, लाकूड, धुके यांतून पार जाणारी आणि एका सेकंदात ३ लक्ष किलोमीटर धावणारी ही लहरच पुढे नभोवाणीचे वाहन झाली.

मनुष्याचा आवाज हेदेखील एक कंपनच आहे. मात्र ते हवेचे कंपन होय. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांच्या संख्येस कंप्रता म्हणतात व ती हर्ट्झ या एककात मोजतात. आपल्या कानांना साधारणतः २० ते २०,००० हर्ट्झ कंप्रतेचे ध्वनी ऐकू येतात. असा ध्वनी हवेतून फार दूर जाऊ शकत नाही. म्हणून तो रेडिओलहरीवर आरूढ करून पाठवावा लागतो. या लहरीस वाहक लहर म्हणतात. उदाहरणार्थ, आकाशवाणीच्या पुणे केंद्राची मध्यम लहरींवरील परिचित जागा ७९२ किलोहर्ट्झ ही आहे. याचा अर्थ त्या केंद्राची वाहक लहर एका सेकंदात ७ लक्ष ९२ हजार वेळा कंप पावते. लहरीच्या वेगास या संख्येने भागले असता तिची लांबी सुमारे ३७९ मीटर येते.

वाहक लहरीवर ध्वनीचा ठसा उमटविण्याच्या क्रियेस विरूपण म्हणतात. ते दोन प्रकारे करता येते. ध्वनीच्या चढउतारांप्रमाणे लहरीची उंची कमीअधिक करणे हा पहिला प्रकार असून तो मध्यम व लघु लहरींच्या प्रक्षेपणात वापरला जातो. दुसऱ्या प्रकारात लहरीची उंची कायम ठेवून तिची कंप्रता किंचित वरखाली केली जाते. यालाच एफ.एम. असे म्हणतात. आकाशातील वीज, मोटारींच्या ठिणग्या, घरातील विजेची उपकरणे यांमुळे मुख्यतः लहरीच्या उंचीत बिघाड होतो. कंप्रतेवर त्यांचा परिणाम त्या मानाने थोडा होतो. म्हणूनच एफ.एम. केंद्रावरील गाणे स्वच्छ ऐकू येते, तर मध्यम लहरींवरील केंद्र लावले असता पावसाळ्यात विजेच्या प्रत्येक लखलखाटासरशी संचात खरखर उमटते.

ट्यूनरचे कार्य

घरातील एरियलवर एकाच वेळी शेकडो लहरी येऊन आदळत असतात. त्यांत जवळची व दूरची केंद्रे असतात, विमानांची व जहाजांची संभाषणे असतात आणि नुसता गोंगाटही असतो. या गर्दीतून एकच लहर वेचून काढणे हे ट्यूनरचे काम आहे.

ते कसे होते, हे सतारीच्या उदाहरणाने समजेल. सतारीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या बारीक तारा असतात. वादक त्यांना स्पर्श करीत नाही. तथापि वर जो स्वर वाजतो, त्या स्वरात जुळविलेली खालची तार आपोआप झणकारू लागते आणि इतर तारा जवळजवळ स्तब्ध राहतात. या आविष्कारास अनुनाद म्हणतात. ट्यूनरमध्ये तारेचे एक वेटोळे आणि एक कंडेन्सर यांची जोडी असते. या जोडीतील विद्युत्प्रवाहालाही स्वतःची अशी एक स्वाभाविक कंप्रता असते. जी लहर त्या कंप्रतेशी जुळते, तिला ही जोडी जोराने प्रतिसाद देते. बाकीच्या लहरींना ती दाद देत नाही. संचाची कळ फिरविताना आपण बहुधा याच कंडेन्सरचे मूल्य बदलत असतो, म्हणजे एक प्रकारे तार जुळवीत असतो.

केवळ एका जोडीने केलेली निवड पुरेशी काटेकोर नसते. म्हणून बहुतेक संचांत एडविन आर्मस्ट्राँग याने १९१८ साली शोधून काढलेली एक युक्ती वापरतात. संच स्वतःच एक लहर निर्माण करतो व ती बाहेरून आलेल्या लहरीत मिसळतो. ७९२ किलोहर्ट्झचे केंद्र हवे असेल, तर संचातील लहर १,२४७ किलोहर्ट्झची ठेवतात. दोहोंच्या मिश्रणातून त्यांच्यातील अंतराएवढी, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झची नवी लहर उत्पन्न होते. केंद्र कोणतेही असले, तरी ही मधली कंप्रता तीच राहते. त्यामुळे पुढील सर्व भाग तेवढ्या एका कंप्रतेसाठी कसोशीने जुळवून ठेवता येतो.

या सर्व क्रियेस फारच थोडी वीज लागते. छोटा ट्रान्झिस्टर संच दोन सेलवर कित्येक दिवस चालतो. स्फटिक-संच या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या साध्या संचास तर विजेची गरजच नसते. जवळच्या केंद्राच्या लहरींतून जी अत्यल्प ऊर्जा एरियलमध्ये उतरते, तेवढ्यावरच त्याचे कर्णयंत्र बोलू लागते.

लहरींच्या मर्यादा

भारतात मध्यम लहरींचा पट्टा ५३१ पासून १,६०२ किलोहर्ट्झपर्यंत आहे. या लांब लहरी जमिनीला धरून प्रवास करतात व दिवसा शंभर-दोनशे किलोमीटरपर्यंत सहज ऐकू येतात. रात्री मात्र एक विशेष प्रकार घडतो. वातावरणाच्या अत्युच्च थरांत सूर्यकिरणांमुळे विद्युत्भारित कण निर्माण होतात. या प्रदेशास आयनांबर म्हणतात. कलकत्त्याचे प्राध्यापक शिशिरकुमार मित्र यांनी या प्रदेशाचे मौलिक संशोधन केले असून १९४७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ऊर्ध्व वातावरणावरील ग्रंथ जगभर मान्यता पावला. आयनांबराचा सर्वांत खालचा थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरून जातो आणि लहरी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. दिवसा मुळीच न लागणारे परप्रांतातील केंद्र रात्री अचानक स्पष्ट ऐकू येते, त्याचे कारण हेच होय.

एफ.एम. केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. त्यांच्या लहरी सुमारे तीन मीटर लांबीच्या असून त्या जवळजवळ सरळ रेषेत जातात. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सपाट प्रदेशात त्यांची मजल सुमारे चाळीस किलोमीटर असते. मनोरा डोंगरावर असेल तर ती वाढते आणि मध्ये डोंगर आला तर खुंटते. सह्याद्रीच्या एखाद्या दरीतील गावास पलीकडील शहराचे एफ.एम. केंद्र लागत नाही, यात नवल नाही.

लहरींची दुसरी मर्यादा जागेची आहे. मध्यम लहरींच्या पट्ट्यात दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. या हिशेबाने त्या संपूर्ण पट्ट्यात अवघ्या १२० जागा होतात. त्या जागा सर्व शेजारी राष्ट्रांनी वाटून घ्यावयाच्या असतात. अंतर इतके थोडे असल्यामुळे ध्वनीतील सूक्ष्म उंच स्वर कापून टाकावे लागतात. मध्यम लहरींवरील संगीत काहीसे मंद वाटते ते यामुळेच. शिवाय आजच्या घरांत सिमेंट-काँक्रीटमधील लोखंडी सळया लहरींना अडवितात आणि फोनचे चार्जर व हलक्या प्रतीचे एल.ई.डी. दिवे या पट्ट्यात गोंगाट मिसळतात. शहरातील पुष्कळ घरांतून मध्यम लहरींचा संच नाहीसा होण्यास ही परिस्थितीही कारणीभूत झाली आहे.

ध्वनीचे आकडे

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. स्ट्रीमिंगमध्ये ध्वनीचा आलेख लहरीवर चढविला जात नाही. त्याची मोजदाद केली जाते. उत्तम प्रतीच्या मोजणीत एका सेकंदात ४४,१०० वेळा ध्वनीच्या आलेखाची उंची मोजतात आणि प्रत्येक माप १६ द्विमान अंकांत, म्हणजे शून्य व एक यांच्या सोळा खुणांत, लिहितात. अशा एका खुणेस ‘बिट’ म्हणतात. डाव्या व उजव्या कानासाठी दोन स्वतंत्र मोजण्या धरल्या, तर एका सेकंदाच्या संगीतास १४,११,२०० बिट लागतात.

एवढे आकडे प्रत्येक श्रोत्याकडे पाठविणे खर्चाचे असते. येथे मानवी श्रवणाचा एक गुणधर्म उपयोगी पडतो. ढोल-ताशांचा गजर चालू असता शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही. मोठा ध्वनी आपल्या जवळच्या कंप्रतेच्या लहान ध्वनीस झाकून टाकतो. जे कानास ऐकूच येणार नाही, त्याचे आकडे पाठविण्याचे प्रयोजन उरत नाही. या तत्त्वावर आकड्यांचा संक्षेप करण्याच्या पद्धती विसाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झाल्या. त्यांच्या साहाय्याने वरील १४ लक्ष बिटांचे काम ६४ हजार बिटांत, म्हणजे सुमारे बाविसाव्या हिश्श्यात, बऱ्याच समाधानकारक रीतीने भागते.

इंटरनेटवरून आपला कार्यक्रम नियमित ऐकविणाऱ्या आरंभीच्या केंद्रांत अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे डब्ल्यू.एक्स.वाय.सी. हे केंद्र होते. त्याने ७ नोव्हेंबर १९९४ रोजी हा उपक्रम सुरू केला. भारतात पुढे आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक सेवा ‘न्यूज ऑन एअर’ या सुविधेद्वारे मोबाईल फोनवर ऐकण्याची सोय झाली.

उशीर कोठे होतो

संक्षेप केलेले आकडे एका सलग धारेने प्रवास करीत नाहीत. त्यांचे लहान लहान गठ्ठे करतात. या गठ्ठ्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पोहोचावयाच्या ठिकाणाचा पत्ता असतो आणि वाटेतील नाक्यांवरची यंत्रे तो पत्ता वाचून त्यास पुढे रवाना करतात. टपालाच्या पत्रांप्रमाणे काही पॅकेटे लवकर येतात, काही रखडतात, काही वाटेत हरवतात व पुन्हा मागवावी लागतात. आली तशी ती ध्वनीत बदलली, तर गाणे क्षणोक्षणी तुटेल.

ही अडचण दूर करण्याचा उपाय शहरातील प्रत्येक घरास परिचित आहे. नगरपालिकेचे पाणी कधी जोराने येते, कधी बारीक धारेने येते, तर कधी मध्येच थांबते. म्हणून गच्चीवर टाकी बसवितात. टाकीत पाणी कसेही पडले, तरी खालच्या नळास ते एकसारखे मिळते. फोनमध्येही आकड्यांची अशीच एक टाकी असते. तिला ‘बफर’ म्हणतात. प्रथम तीत काही सेकंदांचा साठा होऊ देतात आणि मगच ध्वनी सुरू करतात. केंद्राच्या बाजूसही संक्षेप करणे, कार्यक्रमाचे काही सेकंदांचे तुकडे पाडणे, ते वाटपाच्या संगणकांवर ठेवणे या कामांत वेळ जातो. या सर्वांची बेरीज दहा, वीस, प्रसंगी तीस सेकंदांपर्यंत जाते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या उशिरात अंतराचा वाटा अगदी क्षुल्लक असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. त्यामुळे मुंबईहून अमेरिकेस जाण्यासही त्यास सेकंदाचा एखादा दशांश भाग पुरतो. उरलेला उशीर अखंडतेसाठी हेतुपुरस्सर पत्करलेला असतो. टाकी लहान केली तर उशीर कमी होईल. परंतु जाळ्यात किंचित अडथळा येताच टाकी रिकामी होऊन आवाज बंद पडेल. ट्यूनरला असा साठा करावा लागत नाही. लहर येते त्या क्षणी ती ऐकू येते. ती क्षीण झाली तर आवाज खरखरीत होतो, परंतु त्यातूनही पुष्कळदा शब्द कळतात.

श्रोता एक असो वा दहा लक्ष

दोन्ही वाटांतील सर्वांत महत्त्वाचा भेद श्रोत्यांच्या संख्येत दिसून येतो. देवळावरील घंटा एकाने ऐकली काय आणि साऱ्या गावाने ऐकली काय, वाजविणाऱ्याचे श्रम तेवढेच असतात. प्रक्षेपण मनोऱ्याचेही तसेच आहे. त्याच्या टापूत एक संच चालू असो अथवा दहा लक्ष असोत, प्रक्षेपकाला लागणारी वीज बदलत नाही. एका संचाने लहर ग्रहण केली म्हणून शेजारच्या संचास ती कमी पडत नाही.

स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक श्रोत्यासाठी आकड्यांची स्वतंत्र धार सोडावी लागते. सेकंदास ६४ हजार बिटांची धार धरली, तर एक लक्ष श्रोत्यांसाठी सेकंदास ६४० कोटी बिट पाठवावे लागतात; श्रोते दहापट झाले की हा भारही दहापट होतो. ठिकठिकाणी वाटपाचे संगणक ठेवून तो विभागता येतो, नाहीसा करता येत नाही. श्रोत्यावरही काही भार पडतो. वरील हिशेबाने तासाला सुमारे २९ मेगाबाईट माहिती खर्च होते. रोज तीन तास ऐकणाऱ्याचा महिन्याचा खर्च सुमारे २.६ गिगाबाईट होतो. ज्या घरी इंटरनेटची सोय मुबलक आहे, तेथे ही बाब किरकोळ वाटेल. जेथे पैसे मोजून थोडीथोडी माहिती विकत घेतली जाते, तेथे ती किरकोळ नाही.

आणखी एक भेद आहे. ट्यूनर लावून कोण काय ऐकतो, हे केंद्रास कळत नाही. स्ट्रीमिंगमध्ये धार कोठे सोडावयाची हे ठाऊक असल्याखेरीज ती सोडताच येत नाही. त्यामुळे कोणत्या पत्त्यावर, किती वेळ, कोणता कार्यक्रम ऐकला गेला याची नोंद राहू शकते. केंद्रचालकांना श्रोत्यांची आवड जाणून घेण्यास ती उपयोगी पडते. मात्र आपले ऐकणे पूर्वीसारखे सर्वस्वी खासगी राहिलेले नाही, याची जाणीव श्रोत्यास असावी.

याउलट स्ट्रीमिंगला पट्ट्यातील जागांची मर्यादा नाही, डोंगरांची नाही आणि अंतराचीही नाही. इंदूर, बडोदे येथील मराठी कुटुंबास, तसेच सातासमुद्रापलीकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसास पुण्याचा अथवा रत्नागिरीचा कार्यक्रम निर्मळ स्वरात ऐकता येतो. हे कोणत्याही एफ.एम. मनोऱ्यास साधणारे नाही. ज्या भाषेचे भाषिक दूरदूर विखुरलेले आहेत, तिच्यासाठी या सोयीचे मोल मोठे आहे.

संकटाच्या वेळी

घरी नित्य ऐकण्यासाठी कोणती वाट धरावी, हा बहुतांशी सोयीचा व आवडीचा प्रश्न आहे. परंतु वादळ, पूर, भूकंप अथवा युद्ध यांच्या वेळी तो प्राणाचा प्रश्न होऊ शकतो.

स्ट्रीमिंगची साखळी लांब असते. केंद्रातील संगणक, वाटपाचे संगणक, काचेचे तंतू, मोबाईलचा मनोरा, त्याची वीज, घरातील यंत्र व त्याची वीज हे सर्व दुवे एकाच वेळी शाबूत असावे लागतात. त्यांतील एक तुटला तरी आवाज थांबतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावांत वीज आणि मोबाईल सेवा अनेक दिवस बंद होती. अशा गावात इंटरनेटवरील केंद्र ऐकण्याचा मार्गच उरत नाही. ट्यूनरच्या साखळीत मात्र दोनच दुवे असतात : दूरवर कोठे तरी उभा असलेला मनोरा आणि श्रोत्याच्या हातातील सेलवर चालणारा संच. मधल्या प्रदेशात कितीही पडझड झाली, तरी लहर त्यावरून निघून जाते.

प्वेर्तो रिको या कॅरिबियन बेटावर २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ चक्रीवादळ आले. संपूर्ण बेटाची वीज गेली आणि मोबाईलच्या मनोऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक निकामी झाले. त्या काळात मध्यम लहरींच्या ६८० किलोहर्ट्झवरील डब्ल्यू.ए.पी.ए. हे केंद्र चालू राहिले आणि लोकांना बातमी मिळण्याचे ते एक प्रमुख साधन ठरले. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धाच्या वेळी बी.बी.सी.ने त्या प्रदेशासाठी दोन लघुलहरींवरून दररोज चार तास इंग्रजी बातम्या देण्यास आरंभ केला. इंटरनेटच्या युगात कालबाह्य समजली गेलेली लघुलहर अशा रीतीने पुन्हा कामास लागली.

तथापि संकटाच्या वेळी स्ट्रीमिंग सर्वथा निरुपयोगी असते, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये मोठा भूकंप होऊन त्सुनामी आली. त्या देशात ‘रॅडिको’ नावाची सेवा नभोवाणी केंद्रांचे कार्यक्रम इंटरनेटवर देत असे. परंतु प्रत्येक केंद्र केवळ त्याच्या स्वतःच्या प्रदेशात ऐकू येईल असे बंधन तीत होते. भूकंपानंतर हे बंधन काही काळ उठविण्यात आले. पुढे आपद्ग्रस्त प्रदेशातील केंद्रेही देशभर ऐकता येतील अशी सोय झाली. त्यामुळे घर सोडून दूर आश्रयास गेलेल्यांना आपल्या गावाकडील केंद्राचा आवाज ऐकता आला. आपत्तीच्या प्रदेशात राहिलेल्यांना लहरींचा आधार होता. त्या प्रदेशाबाहेर गेलेल्यांना तारांचा आधार मिळाला.

दोन्ही वाटा का राखाव्यात

प्रक्षेपण मनोरे चालविण्यास मोठी वीज व देखभाल लागते. म्हणून अनेक देशांनी आपले मनोरे कमी केले आहेत. जर्मनीच्या सार्वजनिक केंद्रांनी २०१५ पर्यंत मध्यम लहरींवरील प्रक्षेपण बंद केले. नॉर्वेने २०१७ साली राष्ट्रीय केंद्रांचे एफ.एम. प्रक्षेपण थांबवून आकडेवारी पद्धतीच्या लहरींचा अवलंब केला. तेथे जुने संच निरुपयोगी झाले, परंतु मनोऱ्यावरून सर्वांस एकदम ऐकविण्याचे तत्त्व टिकले. भारतातही आकाशवाणीने अनेक ठिकाणी आकडेवारी पद्धतीने चालणारे मध्यम लहरींचे प्रक्षेपक उभारले आहेत. त्यांच्यासाठी लागणारे संच मात्र अद्याप घरोघरी पोहोचलेले नाहीत.

यातून एक मुद्दा स्पष्ट होतो. मनोरा आणि संच ही जोडी आहे. घरोघरचे संच नाहीसे झाले, तर मनोरा चालविणे व्यर्थ वाटू लागते. आणि मनोरा एकदा पाडला, की संकटाच्या दिवशी तो परत उभा करता येत नाही. पुष्कळ मोबाईल फोनांत एफ.एम. ट्यूनर बसविलेला असतो. कानाला लावण्याची तार हीच त्याची एरियल असते व तो इंटरनेटशिवाय चालतो. ही सोय फोनमध्ये चालू ठेवावी, अशी सूचना भारत सरकारने २०२३ साली फोन तयार करणाऱ्यांना केली. तिच्यामागे आपत्तीच्या काळाचाच विचार होता.

शाळेतील विद्यार्थ्यांना या पुस्तिकेतील बऱ्याच गोष्टी स्वतः पडताळून पाहता येतील. एक ट्रान्झिस्टर संच व एक फोन यांवर एकच केंद्र लावावे आणि एकच शब्द दोन्ही ठिकाणी ऐकू येण्यातील अंतर घड्याळाने मोजावे. हे माप दिवसातून तीन-चार वेळा घेतले, तर ते दरवेळी सारखेच येते की बदलते, हे कळेल. दुपारी व रात्री मध्यम लहरींचा संपूर्ण पट्टा फिरवून किती केंद्रे लागतात याची नोंद आठवडाभर ठेवावी. आयनांबराचे कार्य त्या नोंदीतून डोळ्यांपुढे उभे राहील. एल.ई.डी. दिवा अथवा चार्जर संचाजवळ आणून खरखर वाढते का, तेही पाहावे.

घरी बसून दूरदेशीचे केंद्र ऐकावयाचे असेल, चुकलेला कार्यक्रम सवडीने ऐकावयाचा असेल अथवा दरीतील गावात स्वच्छ संगीत हवे असेल, तर स्ट्रीमिंगसारखे साधन नाही. आपल्या प्रदेशातील बातमी, हवामानाचा इशारा अथवा समुद्रावर जाणाऱ्यांसाठी दिलेली सूचना विनाविलंब, विनाखर्च आणि वीज नसतानाही मिळावयास हवी असेल, तर ट्यूनरला तोड नाही. म्हणून ज्या घरात, शाळेत अथवा ग्रंथालयात नभोवाणी रोज फोनवरच ऐकली जाते, तेथेही सेलवर चालणारा एक साधा संच चालू स्थितीत ठेवणे, त्याचे सेल वेळोवेळी तपासणे आणि आपल्या जवळचे केंद्र कोणत्या कंप्रतेवर लागते हे त्याच्या पाठीवर लिहून ठेवणे इष्ट होय.